तिनं तेल पाहिलं होतं

विमानाच्या लॉगबुकात खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर चुकीच्या शब्दांवर एकच रेघ ओढायची, तीही अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर मजकूर लिहायचा आणि बाजूला सही करायची. पांढरा रंग फासला की ते पान संशयात जातं. मी ही शिस्त जवळजवळ चाळीस वर्षं पाळली आणि हाताखालच्या माणसांकडून पाळून घेतली. एका नोंदीवर मात्र रेघ ओढायची राहिली. ती ओढण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

मी विमानांच्या देखभालीचा इंजिनिअर. असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दोनशे माणसं नेणारी मोठी विमानं येतात. आमची विमानं तशी नव्हती. अकोल्याच्या धावपट्टीवर वैमानिक घडवणारी एक लहान संस्था होती. आता ती नाही, म्हणून नाव सांगण्यात अर्थ नाही. तिच्याकडे तीन विमानं होती. पुढे पंखा, आत चार माणसं दाटीवाटीनं बसतील एवढी जागा, आणि जीपच्या इंजिनापेक्षा फार मोठं नसलेलं चार सिलिंडरचं इंजिन. माझे एक साडू चांदूर रेल्वेहून खास विमान पाहायला आले होते. दार उघडून आत डोकावले आणि म्हणाले, "गावंडे, हे तं ऑटो आहे राजा. फक्त पंखे लावले."

त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. फरक एवढाच, की ऑटो बंद पडला तर रस्त्याच्या कडेला लावता येतो.

या इंजिनात तेल कोणतं घालायचं, हा माझ्या धंद्यातला रोजचा प्रश्न. बाहेरच्या माणसाला वाटतं, तेल म्हणजे तेल. पण या इंजिनाला पाणी नसतं. ते वाऱ्यावर थंड होतं आणि जे वाऱ्याला जमत नाही ते तेलाला करावं लागतं. घर्षण कमी करायचं, उष्णता वाहून न्यायची, काजळी धुऊन काढायची, गंज येऊ द्यायचा नाही, ही सगळी कामं सहा-सात लिटर तेलाची. वऱ्हाडातला मे महिना आणि पत्र्याचं हँगर म्हणजे काय, ते इथल्या वाचकाला सांगायला नको. त्या दिवसांत पातळ तेल घातलं तर ते पाण्यासारखं होतं आणि दाब पडतो. डिसेंबरच्या पहाटे जाड तेल घातलं तर ते थिजलेल्या तुपासारखं तळाशी बसून राहतं आणि इंजिन पहिले काही सेकंद कोरडंच फिरतं. इंजिनाची झीज जास्त होते ती त्याच सेकंदांत.

शिवाय तेलात घालायची औषधं. एका जातीच्या इंजिनात कॅमची, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याची, झीज थांबवणारी ठरावीक बाटली घालावीच लागते, तसा कारखान्याचाच हुकूम असतो. दुसऱ्या जातीत तीच बाटली घातली तर स्टार्टरची पकड घसरते. म्हणून नियम साधा होता. पुस्तकात लिहिलंय ते घाला, लिहिलं नाही ते घालू नका.

हा नियम न मानणारं माझं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक म्हणजे एक जिनिंगवाले सेठ. त्यांनी हौसेनं एक जुनं विमान घेतलं होतं आणि ते आमच्याच धावपट्टीवर ठेवलं होतं. वर्षातून दोनदा उडायचे. बाकी वेळ विमान ताडपत्रीखाली. एकदा वार्षिक तपासणीला मी इंजिन उघडायला घेतलं तेव्हा ते खुर्ची टाकून शेजारी बसले.

"इंजिनाची काही काळजी नाही, साहेब. दर आइतवारी दहा मिनिटं चालू करून ठेवतो. मानूस लावला त्याच्यासाठी. नाहीतं जंगते न बसल्या बसल्या."

"दहा मिनिटांनीच जंगते, सेठ."

"म्हनजे? चालवलं तरी जंगते?"

मी त्यांना समजावलं. इंजिनात इंधन जळताना पाण्याची वाफ होते. तासभर उडालं तर तेल चांगलं तापतं आणि ती वाफ उडून जाते. जमिनीवर दहा मिनिटं चालवलं तर तेल धड तापत नाही, पाणी आतच राहतं आणि लोखंडावर जाऊन बसतं. तेवढ्यात आतला कॅम हाती आला. त्यावर तांबडे ठिपके, देवीचे व्रण असावेत तसे.

सेठनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "म्हनजे त्याले हात नसता लावला तं बरं होतं?"

"हो."

"मंग आधी काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही आधी काहून नाही विचारलं?"

दुसऱ्या खेपेला ते एक बाटली घेऊन आले. अकोल्याच्या मोटार बाजारात मिळणारी, लाल झाकणाची. ती तेलात ओतली की जुन्या ट्रकचा धूर बंद होतो, तेल खाणं थांबतं, अशी ख्याती. "टाका याच्यात. माह्या ट्रकनं धूर फेकनं बंद केलं."

मी बाटली परत त्यांच्या हातात दिली. "सेठ, ट्रक बंद पडला तं तुम्ही खाली उतरून बिडी पेटवता. वर बंद पडलं तं बिडी कोठी पेटवसान?"

हे वाक्य त्यांनी स्वतःच साऱ्या अकोल्यात पसरवलं. पुढे कित्येक दिवस लोक मला भेटले की बिडीचं विचारायचे. मला त्याचा अभिमान होता. तो अभिमान इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण त्या लाल झाकणाकडे मला परत यायचं आहे.

दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना इंजिनावर दोन व्याख्यानं मी द्यायचो. त्यातला आवडता भाग म्हणजे नव्या इंजिनाचं तेल. इंजिन पूर्ण खोलून, नवीन सिलिंडर बसवून दुरुस्त होऊन आलं की त्याला पहिले पंचवीस-पन्नास तास उत्तम तेल घालायचं नसतं. साधं खनिज तेल घालायचं, ज्यात काजळी धुणारं काही नाही, फार निसरडेपणा नाही. आमच्या हँगरमध्ये त्याला 'खरखऱ्या' म्हणत. एका बॅचला हे सांगितलं तेव्हा पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"सर, चांगलं तेल वाईट कसं?"

ती प्रज्ञा तायडे. अमरावतीची. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. मी तिला विचारलं, "घरी जातं पाहिलंय का? त्याला टाकीचे घाव कशाला घालतात?"

"गुळगुळीत झालं की दळत नाही म्हणून."

"तसंच. सिलिंडरच्या आत मुद्दाम बारीक तिरप्या रेघा ओढलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांच्यावर घासून घासून आपली जागा करतात. घासणं थोडं झालंच पाहिजे. पहिल्याच दिवशी फार निसरडं तेल दिलं तर घासणं होत नाही, रेघांमध्ये तेल जळून बसतं आणि सिलिंडर आतून काचेसारखा होतो. मग रिंग कधीच नीट बसत नाही. तेल वर चढतं आणि जळतं. असं इंजिन जन्मभर तेल पितं."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. शेजारी जात्याचं चित्रही काढलं.

त्यानंतर दोनच महिन्यांनी आमच्या एका विमानाचं इंजिन दुरुस्त होऊन आलं. खरखऱ्याचे डबे मागवायला मी विसरलो होतो. माझीच चूक. माल तीन दिवसांनी येणार होता. विद्यार्थ्यांचे उड्डाणाचे तास अडले होते आणि मुख्य कॅप्टन दर तासाला हँगरमध्ये येऊन घड्याळ पाहून जात होते. पण खरं सांगायचं तर त्यांनी मला काही म्हटलं नाही. तीन दिवस थांबा असं मी सांगितलं असतं तर ते थांबले असते. डबे मागवायला विसरलो, एवढंच मला सांगायचं नव्हतं.

माझ्या हाताखाली शकील नावाचा अनुभवी टेक्निशियन होता. मी नेहमीच्या चांगल्या तेलाचे डबे काढायला सांगितले तेव्हा तो थांबला.

"साब, ये तो दूसरा डिब्बा है. नये इंजन में खरखऱ्या जाता है ना?"

"आलं नाही. दहा तासांनी बदलू."

"बुक में क्या लिखूं?"

"मी लिहितो."

मी 'खनिज तेल' असं लिहिलं. मनाशी म्हटलं, तीन दिवसांत तेच तर घालणार आहोत. वास्तविक रिंगा बसायच्या त्या पहिल्या काही तासांतच बसतात. हे मी व्याख्यानात सांगत होतो. डबे आले, तेल बदललं, तोवर सिलिंडर काच झाले होते. शकील पुढच्याच महिन्यात आखाती देशात नोकरीला गेला. डबा कोणता होता, हे माहीत असलेला मी एकटाच उरलो.

महिन्याभरात इंजिन तेल पिऊ लागलं. आधी तासाला अर्धा क्वार्ट. क्वार्ट म्हणजे लिटरला किंचित कमी, या इंजिनांची तेलाची काडी त्याच मापात असते. मग एक. मग दीड. असं इंजिन उभं करून ठेवायला हवं होतं. पण उभं केलं की कारण लिहावं लागणार, आणि कारण लिहिलं की आधीची नोंद खोटी ठरणार. मी ठरवलं की पावसाळ्यात उड्डाणं थांबतील तेव्हा सिलिंडर काढून घासून घेऊ. दोन महिन्यांचा तर प्रश्न.

मग मी पहाटे साडेपाचला हँगरवर जाऊ लागलो. कोणी यायच्या आत त्या विमानात तेल भरायचं आणि नोंद करायची नाही. पुस्तकात दहा तासांना एक क्वार्ट असा खप दिसत राहिला, अगदी निरोगी इंजिनासारखा. संध्याकाळी विमानाच्या पोटावर जळलेल्या तेलाचा काळा पट्टा उमटलेला असायचा. तो मी स्वतः पुसायचो. नवा टेक्निशियन लोकांना कौतुकानं सांगायचा, साहेब या वयात स्वतः विमान धुतात.

आणि एका दुपारी मी मोटार बाजारात गेलो. सेठच्या ट्रकची ती लाल झाकणाची बाटली घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे इंजिनात ओतली. चार-पाच तास बरं वाटलं. मग इंजिन पुन्हा पूर्ववत तेल पिऊ लागलं.

त्या मे महिन्यात एका रविवारी पुतण्याच्या साखरपुड्याला मी पातूरला गेलो. तेवढी एक पहाट माझी चुकली.

त्या सकाळी प्रज्ञाचं एकटीनं लांब उड्डाण होतं. अकोल्याहून नागपूरच्या बाजूला जायचं, न उतरता वळायचं आणि रेल्वे रूळ खाली ठेवून परत यायचं. सव्वादोन-अडीच तासांचं काम. उड्डाणाआधी तिनं तेलाची काडी काढून पाहिली. पाच क्वार्ट. आमचा नियम होता की पाच किंवा वर असेल तर निघायला हरकत नाही. तरी तिनं पुस्तक उघडून खप पाहिला. दहा तासांना एक. म्हणजे परत येईपर्यंत पाव क्वार्टही जाणार नव्हता. तिनं तपासणीच्या कागदावर खूण केली आणि निघाली. हे मी आज सांगतो आहे. तेव्हा तिनंही हेच सांगितलं होतं.

परतीच्या वाटेवर चांदूर रेल्वेच्या अलीकडे तेलाचा दाब उतरू लागला आणि तापमान चढू लागलं. इंजिन पूर्ण जाम व्हायची वाट न पाहता तिनं वावर निवडलं आणि विमान खाली घेतलं. नांगरलेली काळी जमीन. पुढचं चाक ढेकळात रुतलं, विमान नाकावर टेकलं आणि परत खाली बसलं. तिचं डावं मनगट मोडलं. याहून चांगलं उतरणं त्या वावरात कोणालाही जमलं नसतं असं मला वाटतं.

दुपारी मी तिथे पोचलो तेव्हा वावराच्या मालकानं विमानाचा पंख दोरीनं बाभळीला बांधून ठेवला होता. वाऱ्यानं जाऊ नये म्हणून. त्यानं मला सांगितलं, "पोरगी उतरली, तं हात लोंबकळून राह्यला होता. मी म्हनलं बाई बस, पानी पे. तं म्हने थांबा काका. एका हातानं त्या इंजिनातून काडी काढली, पाह्यली, अन् मंग बसली."

काडीवर तेल दोनच्या खाली होतं.

संस्थेनं चौकशी केली. प्रज्ञा म्हणाली, निघताना पाच होतं. पुस्तक म्हणत होतं, हे इंजिन दोन तासांत तीन क्वार्ट पिऊच शकत नाही. तेल कुठे गळल्याची खूण नव्हती, आणि पोटावरचा काळा पट्टा वावराच्या काळ्या मातीनं माखून गेला होता. मग उरलं एकच. तिनं काडी न काढताच कागदावर खूण केली आणि दोन-अडीच क्वार्टवर निघाली. चौकशीत मलाही बोलावलं. मी म्हणालो, "नोंदी माझ्याच आहेत." हे वाक्य खरं होतं.

इंजिन मी उघडलं. कमी तेलावर तापल्यामुळे पिस्टन घासले होते, भिंतींवर ओरखडे होते. पण चौथ्या सिलिंडरच्या वरच्या कडेला बोटभर पट्टा शाबूत होता. त्यावर मी नख ओढून पाहिलं. तिरप्या रेघांवर नख अडकायला हवं. ते घसरलं. मी सिलिंडर कापडात गुंडाळून भंगारात लावला.

प्रज्ञाला संस्थेनं काढून टाकलं. वावरात विमान उतरवल्याबद्दल नव्हे. कॅप्टन म्हणाले, उड्डाणातली चूक सुधारता येते, खोटं सुधारता येत नाही. 'उड्डाणापूर्वी तेल तपासले नाही' हा शेरा घेऊन तिला दुसरी कोणतीही संस्था दारात उभी करणार नव्हती.

आठवड्यानं तिचे वडील आले. एसटीच्या खाकी कपड्यांतच, वर्कशॉपमधून थेट. ऑफिसात गेले नाहीत, हँगरमध्ये माझ्याकडे आले. आपण दोघं एकाच धंद्यातले, अशा ओळखीनं बोलू लागले.

"साहेब, माही पोरगी तेल पाह्यल्याबिगर स्कूटीले सेल नाही मारत. मीच लावली तिले ती सवय. म्हनून एकच विचारतो. ते इंजिन तेल खात होतं का?"

मी हातातलं कापड घडी करत होतो. "नाही," मी म्हणालो.

"पुस्तकात लिवलं तसंच होतं?"

"तसंच."

त्यांनी मान हलवली. "मंग ठीक आहे. पुस्तक काहून खोटं बोलन." आणि गेले.

याला नऊ वर्षं झाली. संस्था बंद पडली, मी घरी बसलो. मला रोज टोचणी होती असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. कित्येक महिने मला काही आठवतही नसे. आठवलं की मी स्वतःला सांगायचो, पोरगी वाचली, हे काय कमी आहे.

माझी नात अमरावतीला क्लासला असते. गेल्या वर्षी सुट्टीत घरी आली आणि घर्षणाचा धडा घेऊन माझ्याशेजारी बसली. तिच्या वहीत जात्याचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं, घर्षण नेहमी वाईट नसतं. गुळगुळीत जातं दळत नाही.

"हे कोणी शिकवलं?"

"तायडे मॅडमनं. त्या म्हणतात, त्यांच्या एका सरांनी त्यांना असंच समजावलं होतं. लई चांगले सर होते म्हणे."

मी वही मिटून तिला परत दिली. पुढच्या आठवड्यात अमरावतीची गाडी पकडली.

प्रज्ञाचे वडील तायडे आता थकले आहेत. दार त्यांनीच उघडलं, आणि मी नाव सांगायच्या आत ओळखलं. मला खुर्ची दिली. मी बसलो नाही. उभ्याउभ्याच म्हणालो, "तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. मी खोटं उत्तर दिलं. ते इंजिन तेल खात होतं."

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "थांबा. मले नका सांगू. पोरगी येऊ द्या. तिच्यासमोर बोला."

अर्धा तास आम्ही दोघं बसून होतो. मध्ये एकदाच ते बोलले. "तुमच्याकून त्या दिवशी घरी आलो अन् पोरीले म्हनलं, आता खरं सांग बाई. लॉगबुक खोटं बोलत नाही. मशीन बोलते ते कागदावर येते, हे मीच तिले लहानपनापासून शिकवलं. तवापासून तिनं माह्याजवळ त्या गोष्टीचा शब्द काढला नाही. अन् मी बी तिले पुन्हा नाही विचारलं." मग म्हणाले, "मी इश्वास तुमच्यावर ठेवला, साहेब. पोरीवर नाही."

मी रागाला तयार होतो, शिव्यांना तयार होतो. या वाक्याला तयार नव्हतो.

प्रज्ञा क्लासहून आली. मला पाहून पायातली चप्पल काढायची थांबली. मी सगळं सांगितलं. डबा, नोंद, पहाटेचं तेल, लाल झाकणाची बाटली, पातूरचा साखरपुडा, नख. ती भिंतीला टेकून ऐकत होती. संपल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला.

"किती खात होतं, सर?"

"तासाला दीड."

ती मनात गणित करत होती. ओठ हलत होते. "दोन तास पाच मिनिटं झाली होती मला. पाचातून तीन." मग वडिलांकडे पाहून म्हणाली, "बाबा, बरोबर येते. दोनच्या खाली. मी उतरल्यावर पाह्यलं ते बरोबर होतं."

"हो बाई," ते म्हणाले.

"मले शेवटी शेवटी वाटायले लागलं होतं की मीच काडी पाह्यली नाही. इतक्या जनांनी सांगतलं, तं मले ते पाच दिसेनातच. डोळे मिटले की कधी पाच दिसे, कधी तीन." एवढं बोलून ती आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बराच वेळ.

बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. मी माफी मागितली. तिनं ती घेतली नाही आणि नाकारलीही नाही. म्हणाली, "लिहून आणलंय का काही?"

आणलं होतं. परवाना देणाऱ्या वरच्या कार्यालयाला पाठवायचं पत्र, दोन पानी. तिनं टेबलावरचा लाल पेन घेतला आणि उत्तरपत्रिका तपासावी तसं वाचलं. एका ठिकाणी थांबली. 'योग्य तेल वेळेवर उपलब्ध न झाल्यामुळे' असं मी लिहिलं होतं. त्यावर तिनं एक रेघ ओढली. सरळ, एकच. खालचं वाचता येत होतं.

"हे खरं असेल, सर. पण हे कारण नाही."

मग म्हणाली, "पत्र पाठवा. पण ते कोणी वाचणार नाही. मला खोटारडी म्हणणारे इथलेच होते, अकोल्याचे, अमरावतीचे. ते वाचतील तिथे लिहा. मराठीत लिहा. आणि नाव घाला, तुमचंही आणि माझंही."

तायडे आत जाऊन चहा ठेवायला लागले होते. मी निघतो म्हणालो, तर आतूनच म्हणाले, "चहा घेतल्याबिगर कसे जाता? बसा." चहा आम्ही तिघांनी घेतला. निघताना मी फाटकापाशी वळून पाहिलं, तर म्हातारा तिच्या स्कूटीजवळ उकिडवा बसून तेलाची काडी काढत होता, आणि ती शेजारी उभी राहून त्याला म्हणत होती, "सकाळीच पाह्यलं मी, बाबा."

"पाह्यलं असशीन," तो म्हणाला, आणि काडी तशीच परत घातली.

पत्र पाठवलं आहे. अजून उत्तर नाही. माझ्या परवान्याचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. ते पुस्तक आणि तो शेरा आता कुठल्या गोदामात आहेत कोण जाणे, म्हणून दुरुस्ती इथेच करतो.

'उड्डाणापूर्वी तेल तपासले नाही', या शब्दांवर रेघ. 'तेलाचा खप दहा तासांना एक क्वार्ट', यावरही रेघ. खालचं वाचता यावं अशी. त्यांच्यावर हे लिहावं:

उड्डाणापूर्वी तेल तपासले होते. पाच क्वार्ट. तपासणारी, प्रज्ञा तायडे. खप तासाला दीड क्वार्ट. हे देखभाल इंजिनिअरला माहीत होते.

सही, गावंडे.